दोनशे डॉलरची संध्याकाळ

दादाने शंभराच्या सात नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, परत मोज. मोजल्या. सातच होत्या. सातशे डॉलर एकदम कॅशमधे हातात घ्यायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, माझ्या वाट्याचं दोन महिन्यांचं भाडं होतं ते, त्यामुळे नोटा जीन्सच्या आतल्या छोट्या चोरखिशात कोंबल्या आणि पुढचे बारा तास दर दहा मिनिटांनी तिथे हात लावून बघत होतो. बाजूच्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

तारीख होती २९ जून २००७, शुक्रवार. संध्याकाळी सहा वाजता पहिला आयफोन विकायला निघणार होता आणि दादाला तो पहिल्याच दिवशी हवा होता. दादा म्हणजे माझा कोणी सख्खा-चुलत नव्हे, जर्सी सिटीच्या आमच्या बिल्डिंगमधे जेवढी मराठी पोरं होती त्या सगळ्यांचा तो दादा. मॅनहॅटनमधे एका बँकेच्या आयटीत होता. आणि नेमका तो शुक्रवार क्वार्टर एंडचा शेवटचा वर्किंग डे. बँकेत असलेल्यांना सांगायला नको की त्या दिवशी सुट्टी मागणं म्हणजे काय. तर रांगेत उभं कोण राहणार? ज्याला काही काम नाही तो. म्हणजे मी. एमएसचं पहिलं वर्ष संपलेलं, उन्हाळ्याची सुट्टी, इंटर्नशिप मिळालेली नाही.

पैसे देतो म्हणाला होता. क्रेगलिस्टवर तेव्हा लोक चक्क जाहिराती देत होते की आम्ही तुमच्यासाठी रांगेत उभे राहतो, इतके इतके डॉलर. मी नको म्हंटलं. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात, विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर कॅम्पसच्या बाहेर काम करायचं नाही हे डोक्यात इतकं भिनलेलं की रांगेत उभं राहून पैसे घेतले तर ते पण काम धरतात की काय अशी खरोखरची भीती होती. आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

"आठ जीबीवाला घे," दादाने दारातून परत सांगितलं.

"आणि नसेल तर?"

"आठच."

चार जीबीवाला ४९९ डॉलरला होता आणि आठवाला ५९९ ला. तेव्हा डॉलर चाळीस-एक्केचाळीस रुपये होता, म्हणजे चोवीस हजाराच्या वर. एका फोनचे. आणि तो घेऊन वर एटीअँडटीचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करायचं, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीवर तो चालणारच नव्हता. मी गणित मांडून दाखवलं तर दादा म्हणाला तू कीनोट बघितलेलं नाहीस म्हणून असं बोलतोस. ते जानेवारीतलं कीनोट, म्हणजे नवीन वस्तू दाखवायचं ॲपलचं जाहीर भाषण. ९ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने फोन दाखवला, आणि दाखवता दाखवता स्टेजवरूनच स्टारबक्सला फोन लावून चार हजार लाटे पार्सल मागवल्या आणि लगेच, नाही नाही गंमत केली, राँग नंबर, म्हणून ठेवून दिला. ही गोष्ट दादाने आम्हाला निदान तीसेक वेळा सांगितली असेल आणि दर वेळी "चार हजार" म्हणताना तो स्वतःच आधी हसायचा. पुढचे सहा महिने पेपरात, टीव्हीवर, लिफ्टमधे, सगळीकडे हाच फोन. आणि हे सगळं हातात कुणाच्याही नसताना.

पहाटे साडेपाचला जर्नल स्क्वेअरवरून पाथ, म्हणजे जर्सीहून न्यूयॉर्कला जाणारी लोकल, पकडली, दीड डॉलर, तेहेतीसाव्या स्ट्रीटला उतरून मग सबवे, अजून दोन डॉलर. फिफ्थ अॅव्हेन्यू-एकोणसाठ स्ट्रीट स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आलं की समोर सेंट्रल पार्कचा कोपरा आणि पहिला वास कसला येतो तर घोड्यांच्या लिदीचा. टुरिस्टांना फिरवायच्या बग्ग्या तेव्हा तिथेच उभ्या असायच्या. जगातल्या सगळ्यात महागड्या कोपऱ्यांपैकी एक, आणि वास आपल्या टांगा स्टँडचा. मला तो वास आला आणि खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

ॲपलचं ते दुकान ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी. जीएम बिल्डिंग म्हणून पन्नास मजली इमारत आहे, तिच्या पुढ्यातल्या मोकळ्या चौकात ३२ फुटांचा काचेचा एक चौकोनी डबा. आत हवेत लटकणारं ॲपलचं सफरचंद आणि बाकी काही नाही. रिकामा. दुकान सगळं जमिनीखाली, तेव्हा काचेच्या गोल जिन्याने उतरून जायचं. आदल्याच वर्षी मे महिन्यात उघडलेलं, आणि चोवीस तास उघडं असायचं, रात्री तीन वाजता पण जाऊन कुणी मेल चेक करू शकायचं (आमच्यातल्या एकाने हिवाळ्यात शेवटची ट्रेन चुकल्यावर हे केलेलं आहे, झोप मात्र काढू देत नाहीत). शेजारी तेव्हा एफएओ श्वार्झ हे खेळण्यांचं प्रसिद्ध दुकान होतं. समोर प्लाझा हॉटेल, ते तेव्हा नूतनीकरणासाठी बंद, पुढे रचलेलं लाकूडसामान आणि जाळ्या.

माझी समजूत होती की सकाळी साडेसहाला पोचतोय म्हणजे पहिल्या दहात असेन. पहिला माणूस सोमवारी पहाटे येऊन बसला होता. सोमवारी! शुक्रवारच्या फोनसाठी. माझ्यापुढे शंभर-सव्वाशे लोक तरी होते आणि त्यातले बरेच खुर्च्या, गाद्या, छत्र्या, कूलर घेऊन असे पसरले होते की मला एसटी स्टँडवर लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखं वाटलं. मी उभाच. खुर्ची आणायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्या अनुभवात रांग म्हणजे उभं राहायची गोष्ट.

आमच्या घरी फोन नऊ वर्षांनी आला. नंबर लावल्यापासून नऊ वर्षं. बाबा दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिस सुटल्यावर टेलिफोन खात्यात जाऊन यायचे, परत आल्यावर आई काही विचारायची नाही, चप्पल काढायच्या आवाजावरूनच कळायचं. मी जन्मलो तेव्हा लावलेला नंबर मी तिसरीत असताना लागला. त्यामुळे एका दिवसात फोन मिळणार आणि तोही काळं कुत्रं ओळखत नसताना, ही मला रांग वाटतच नव्हती मुळी. पण हे मी तिथे कुणाला सांगणार होतो.

माझ्या पुढे एक बाई होत्या, साठीच्या, रिटायर्ड शिक्षिका. बीचवरची घडीची खुर्ची, डोक्यावर हॅट, मांडीवर शब्दकोडं. स्वतःसाठीच घेत होत्या, नातवाबितवासाठी नाही, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, बहुतेक सकाळपासून सगळ्यांनी तेच विचारलं असावं. मागे एक पोरगा, माझ्याच वयाचा, तो दोन घेणार होता. ॲपलच्या दुकानात माणशी दोन देणार होते, एटीअँडटीच्या दुकानात एकच. एक ठेवणार आणि एक ईबेवर विकून पहिल्याचे पैसे काढणार असा त्याचा हिशोब. अत्यंत आत्मविश्वासाने सांगत होता. पुढच्या आठवड्यात बघितलं तर माल भरपूर आलेला होता, दुकानात जाऊन सरळ विकत घेता येत होता, त्यामुळे ईबेवर फार काही वर सुटत नव्हते. त्या पोराची आठवण आली. पहिल्याचे पैसे नसतील निघाले त्याचे.

नऊच्या सुमाराला मला जायची वेळ आली. म्हणजे कुठे ते समजून घ्या. सवयीप्रमाणे मी काय केलं, सॅक जमिनीवर ठेवली, माझा नंबर आहे हां अशा अर्थाने बाईंकडे बघून मान हलवली आणि निघालो. आपल्याकडे केरोसीनच्या रांगेत डबा ठेवून जातात, रेशनच्या रांगेत पिशवीवर दगड, कुणाला त्यात काही वाटत नाही, डबा उभा आहे म्हणजे माणूस उभा आहे. दहा पावलं गेलो नसेन तर मागून हाका. बाई खुर्चीतून उठून उभ्या, हॅट हातात, आणि चार पावलांवरचा सिक्युरिटीवाला माझ्या सॅककडे बघतोय. न्यूयॉर्क, २००७. प्रत्येक सबवेच्या डब्यात पाटी, इफ यू सी समथिंग, से समथिंग. आणि त्यात एक दाढी वाढलेला सावळा पोरगा गर्दीत बॅग टाकून भराभर चालायला लागलाय. धावत परत आलो. सॅक उघडून दाखवली. आत पाण्याची बाटली, डेटा स्ट्रक्चर्सचं पुस्तक आणि फॉइलमधे गुंडाळलेल्या चार पोळ्या, दाण्याची चटणी भरून. सिक्युरिटीवाल्याने फॉइल बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला बॅग घेऊन जा, जागा ती धरेल. बाई म्हणाल्या हो, मी धरते. दगड नको, पिशवी नको, नुसतं मी धरते. परत आलो तर माझ्या जागेवर त्यांनी शब्दकोड्याचं पुस्तक ठेवलं होतं. म्हंटलं हे काय, तर म्हणाल्या तुझी पद्धत चांगली आहे, फक्त बॅग चालत नाही.

दोन पोळ्या त्यांना दिल्या. चटणी तिखट लागली, तरी खाल्ली, आणि नाक पुसत पुसत आडव्या तेराचं उत्तर मला विचारलं. मला आलं नाही.

आता असल्या आठवणी सांगायला लागलं की लोक लगेच म्हणतात बघा, तेव्हा हातात फोन नव्हते म्हणून माणसं एकमेकांशी बोलायची, आणि ज्या फोनसाठी उभे होते त्यानेच ते संपवलं. मला हे काही पटत नाही. मी तिथे होतो. रांगेतले निम्मे लोक ब्लॅकबेरी फोनमधे तोंड घालून अंगठे चालवत होते, काही लॅपटॉप उघडून बसले होते, एकजण तर सकाळपासून कानाला मोटोरोलाचा रेझर फोन लावून कुणाशी तरी घटस्फोटाच्या वकिलाबद्दल बोलत होता, त्याचं सगळं प्रकरण आम्हाला पाठ झालं. आणि बोलत होते ते कशाबद्दल बोलत होते? फोनबद्दलच. थ्रीजी नाहीये याबद्दल, कीबोर्डला बटणं नाहीत तर टाइप कसं करणार याबद्दल. बाई आणि मी बोललो कारण आम्हा दोघांकडे वेळ काढायला दुसरं काही नव्हतं. माझा फोन होता, चार जणांत मिळून घेतलेल्या फॅमिली प्लॅनवरचा, पण त्याची मिनिटं रात्री नऊनंतर फुकट, दिवसा आलेल्या कॉलचेसुद्धा पैसे, मेसेजचे वेगळे. दिवसा मी तो घड्याळ म्हणूनच वापरायचो.

दुपारी ते चोवीस तासवालं दुकान बंद केलं. सहाची तयारी. मग गर्दी वाढली ती घेणाऱ्यांची कमी आणि बघणाऱ्यांची जास्त. टीव्हीच्या गाड्या रांगेने उभ्या, वर त्या ताटल्या. एक रिपोर्टर माइक घेऊन रांगेतून एकेकाला विचारत येत होती, तुम्ही इथे का, तुम्हाला या फोनमधे काय आवडतं. माझी पाळी आली. मी म्हंटलं, मी मित्रासाठी उभा आहे. वाक्य पुरं व्हायच्या आत माइक बाईंकडे गेला. बाईंनी पाच मिनिटं मुलाखत दिली, हॅट नीट करून. रात्री टीव्हीवर आली का नाही माहीत नाही, आमच्याकडे टीव्ही नव्हता.

ब्लॅकबेरीवाल्यांमुळे देशभरच्या रांगांच्या बातम्या येत होत्या. फिलाडेल्फियाचा महापौर, जॉन स्ट्रीट, पहाटे साडेतीनपासून एका एटीअँडटीच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलाय, आणि रस्त्याने जाणाऱ्या एकाने त्याला तोंडावर विचारलं की शहरात खून पडतायत आणि तू इथे फोनसाठी बसलायस? मग तो उठून गेला म्हणे, जागेवर हाताखालचा माणूस बसवून. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं, की चला, दुसऱ्यासाठी उभा असलेला मी एकटा नाही. तिकडे कॅलिफोर्नियात स्टीव्ह वॉझ्नियॅक स्वतः रांगेत. ॲपल कंपनी ज्यांनी काढली त्यातला एक माणूस, त्याने एक फोन मागितला असता तर कुणी नाही म्हंटलं असतं? पण आला, बाकीच्यांसारखा. माझ्या मागचा ईबेवाला म्हणाला वेडा आहे. बाई म्हणाल्या, नाही, त्याला गर्दीत यायचं असेल. मला त्या वेळी ईबेवाल्याचं पटलं होतं.

साडेपाचनंतर कुणी बसलेलं नव्हतं. खुर्च्या मिटल्या, गाद्या गुंडाळल्या, रांग आपोआप आखडली, मागचा पुढच्याच्या पाठीला. हे मात्र अगदी ओळखीचं वाटलं. कुठल्याही देशातली रांग असो, खिडकी उघडायच्या आधी दहा मिनिटं ती अशीच आखडते. शेवटचं मिनिट लोकांनी मोठ्याने मोजलं, दहा, नऊ, आठ, फुटपाथवरचे पण मोजत होते, टॅक्सीवाले भोंगे वाजवत होते. आणि सहा वाजले. शिकागोत तेव्हा पाच आणि कॅलिफोर्नियात तीन, कारण जिथल्या तिथल्या घड्याळाने सहाला उघडायचं ठरलेलं, म्हणजे वॉझ्नियॅक अजून तीन तास उभा. आणि आमच्या घरी पहाटेचे साडेतीन.

माझा नंबर यायला अजून तासभर लागला. आणि मग ते झालं ज्याबद्दल मला खरं म्हणजे लिहायचं होतं.

काचेच्या डब्यात शिरलो. जिना काचेचा, पायऱ्या काचेच्या, खाली बघितलं की पोटात गोळा येतो. आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली दुकानात काम करणारी पोरं-पोरी उभी, आणि ती सगळी टाळ्या वाजवतायत. मला आधी वाटलं माझ्या मागून कुणीतरी येतंय, कुणी नटबिट, म्हणून मी चक्क बाजूला झालो. मागे ईबेवाला होता. त्याने मला ढकललं, गो, गो. टाळ्या मलाच होत्या. एक पोरगी ओरडली, वू! एकाने हात पुढे केला, त्याला टाळी दिली. मी गोल गोल उतरतोय, एक हात काचेच्या कठड्यावर, दुसरा चोरखिशावर, आणि शे-दीडशे माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवतायत.

मला दहावीला ऐंशी टक्के होते, बारावीला त्याहून कमी. स्नेहसंमेलनात मी पडदा ओढायला होतो. मला कधी कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत, म्हणजे तशी अपेक्षा पण नव्हती. आणि आज वाजतायत तर कशासाठी, की मी दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी एक वस्तू विकत घ्यायला आलोय. लाज वाटली. खरंच वाटली, कान गरम झाले. आणि आवडलं. ते पण खरं आहे. शेवटच्या चार पायऱ्या मी मुद्दाम हळू उतरलो.

काउंटरवर दोन मिनिटं. एक की दोन? एक. आठ? आठ. ५९९ आणि टॅक्स, सगळे मिळून ६४९ डॉलर १७ सेंट. चोरखिशातून घामाने ओल्या झालेल्या सात नोटा काढल्या, पोराने एकेक उजेडात धरून बघितली. ५० डॉलर ८३ सेंट परत. आणि हातात एक काळा खोका, वर फोनचं जसंच्या तसं चित्र. जड. त्याच्या आकाराच्या मानाने चांगलाच जड.

वर आलो तर परत टाळ्या, आता अनोळखी लोकांच्या. एक लहान मुलगा म्हणाला पिशवीला हात लावू का. एक माणूस जवळ येऊन हळूच, आठशे देतो, कॅश. मी थांबलो. नाही म्हणायला तीन-चार सेकंद लागले हे दादाला अजून सांगितलेलं नाही. बाई कुठे दिसल्या नाहीत, त्या माझ्या आधी आत गेल्या आणि त्या गोंधळात राहूनच गेलं, नाव पण विचारलं नव्हतं.

लगेच घरी जावंसं वाटेना. समोर कारंजं आहे त्याच्या कट्ट्यावर बसलो. जूनमधे तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो, पार्कातल्या झाडांवर ऊन तिरकं आलेलं, काचेच्या डब्यातून एकेक माणूस हात वर करून बाहेर पडत होता आणि दर वेळी तोच आवाज. पाय असे दुखत होते की बूट काढून बसलो. घोडेवाले त्यांच्या धंद्यावर होते, एक घोडा तोबऱ्यात तोंड घालून शांतपणे खात होता. तासभर बसलो असेन. उरलेल्या दोन पोळ्या खाल्ल्या.

परतीच्या पाथमधे पिशवी काढून खोका इंडियन स्टोअरच्या कॅरीबॅगमधे ठेवला, वर डेटा स्ट्रक्चर्सचं पुस्तक. कुणाला वाटलं असतं मेथी घेऊन चाललाय.

नऊ वाजून गेल्यावर फुकट मिनिटं सुरू झाली, कॉलिंग कार्डचा नंबर लावला, मग खरवडून काढलेला पिन, मग घरचा नंबर. तिकडे सकाळचे सात. आईने जेवलास का विचारून फोन बाबांकडे दिला. मी सगळं सांगितलं. बाबांनी मधे एकदाच विचारलं, केवढ्याला? चोवीस हजार म्हंटल्यावर जरा वेळ काही नाही. मग,

"ढकलाढकली झाली का?"

"नाही हो. टाळ्या वाजवल्या."

"कुणी?"

"दुकानवाल्यांनी. आपण आत गेलो की टाळ्या वाजवतात."

कार्डाच्या लाइनवर आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा, तो आला, वाजवतात, वाजवतात.

"बरं," बाबा म्हणाले. "बिल नीट घेतलंस ना?"

दादा साडेअकराला आला, क्वार्टर क्लोज करून, टाय खिशात. आम्ही पाच जण खोक्याभोवती. त्याने हात धुतले, खरंच धुतले, आणि झाकण उचललं. फोन सुरू झाला पण करता काही येईना, आधी लॅपटॉपला जोडून ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्रॅममधून चालू करायचा होता, त्यासाठी आयट्यून्सचं नवीन व्हर्जन उतरवायचं होतं. तोपर्यंत खोका हातोहात फिरला. बॅटरी कुठून काढायची? निघत नाही. निघत नाही म्हणजे? मग हँग झाला तर? चालू झाल्यावर प्रश्न वाढले. मेसेज फॉरवर्ड करायला दिसत नाही. मग जोक कसे पाठवायचे? व्हिडिओ निघत नाही. कॉपी-पेस्ट नाही. एकाने विचारलं मिस्ड कॉल देता येतो ना, दादाने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

पण मग त्याने फोटो उघडला आणि दोन बोटांनी ताणला. सगळे गप्प. परत ताण. त्याने परत ताणला. मग प्रत्येकाला एकेकदा, एक मिनिट, घड्याळ लावून. कुणी अल्बम सरकवले, कुणी यूट्यूब. मी नकाशे उघडले, सॅटेलाइटवाले, आणि बोटांनी ताणत ताणत समुद्र ओलांडून आमच्या गावावर आलो. जीपीएस तेव्हा नव्हतंच त्यात, नदीवरून अंदाज घेत घेत. चित्र अर्धवट धूसर, हिरवट. नदीचं वळण आलं, पूल आला, एसटी स्टँडचा पांढरा ठिपका आला, तिथून उजवीकडे आणि माझं मिनिट संपलं.

त्यानंतर मी तो फोन फारसा हातात घेतला नाही. दादा द्यायचा, मीच घ्यायचो नाही, पडला बिडला तर.

सप्टेंबरच्या ५ तारखेला ॲपलने आठ जीबीवाल्याची किंमत ३९९ केली आणि चारवाला बंदच करून टाकला. अडुसष्ट दिवसांत दोनशे डॉलर खाली. इंटरनेटवर नुसता दंगा. दुसऱ्या दिवशी जॉब्जचं जाहीर पत्र आलं, ज्यांनी आधी घेतलाय त्यांना शंभर डॉलरचं क्रेडिट देऊ. पण पत्र यायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आमच्या किचनमधे आम्ही सगळे दादाची वाट बघत होतो, थोडी मजा घ्यायची म्हणून, आणि तो आला तर शांत. बातमी त्याला दुपारीच कळली होती. फ्रिज उघडून दूध काढलं, वास घेऊन बघितला, चहाचं भांडं ठेवलं.

"दोनशे गेले दादा," एकजण म्हणाला.

"गेले नाहीत. ती संध्याकाळ दोनशेची होती असं समज."

सगळे हसले. मी पण. मग तोंडातून निघून गेलं, "पण संध्याकाळ तर मी बघितली."

दादा वळला. हातात साखरेचा चमचा तसाच. दोन महिन्यांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही त्याच क्षणी आलं. (पुढे त्या शंभराच्या क्रेडिटमधून त्याने मला गाणी ऐकायचा आयपॉड शफल घेऊन दिला, चिमटा लावलेला, काडेपेटीहून लहान, स्क्रीनच नसलेला, तो मी पाच वर्षं वापरला. पण ते नंतर.)

त्याने गॅस बारीक केला, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"सांग मग," म्हणाला. "पहिल्यापासून. काही गाळायचं नाही, दोनशे भरलेत."

"पहिल्यापासून म्हणजे कुठून?"

"पाथपासून."

तर मी पाथपासून सुरुवात केली.